जुनी होडी घेताना
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



मजसारख्या साध्या मॅट्रिक झालेल्या शिक्षकास आपण या ठिकाणी बोलावयास सांगितले, हा मी माझा मान समजतो. आपल्या मेळाव्यात दरवर्षी शिक्षणावर, विवाहातील खर्चावर, व्यसनमुक्तीवर व्याख्याने होतात, आणि ती झालीच पाहिजेत. आज मात्र मी एक अगदी घरगुती, धंद्याचा विषय घेऊन उभा आहे. वापरलेली, दुसऱ्याची होडी विकत घेताना तिचे बूड कसे तपासावे, हा तो विषय होय. काही मंडळी गालांतल्या गालांत हसतीलही. मासळीच्या पिलाला पोहणे शिकवावे लागत नाही. मग भोयाच्या पोराला हे मास्तर होडी काय शिकविणार? हे हसणे रास्त आहे. मीही एकेकाळी असाच हसलो होतो. त्या हसण्याची किंमत काय पडली, ते सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

प्रथम आपण थोडे मागे पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी होडी विकत घेणे हा प्रकार क्वचितच होता. होडी घरापुढे घडत असे. झाड कोणाच्या बांधावरचे, ते कोणत्या महिन्यात तोडले, फळी किती दिवस सावलीत वाळविली, गाठीची फळी सुताराने कोठे घातली, हे सारे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. गोदावरीवर पूल नव्हते, तेव्हा पैलतीरी जाण्यास आपल्याच लोकांची नाव लागे. त्या नावेचा दोष नावाड्यापासून लपलेला नसे, कारण ती जन्मली त्याच्या डोळ्यांदेखत. पुढे पूल झाले आणि उताऱ्याचा धंदा गेला. धरणे झाली आणि वाहते पाणी उभे राहिले. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली व १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नांदेडजवळ विष्णुपुरीचा शंकरसागर झाला. लातूरकरांची तहान भागविणारे मांजरा धरण केज तालुक्यातील धनेगावी झाले. जेथे आपण गुडघाभर, कमरेभर पाण्यात उभे राहून जाळे टाकीत होतो, तेथे आता पुरुषभर खोल पाणी आले. ट्यूब, थर्माकोलचा तराफा, क्वचित गुऱ्हाळातली काहील, एवढ्यावर भागेना. होडी हवी झाली. पण होडी घडविणारे सुतार तोवर दारे-खिडक्यांच्या कामाला लागले होते. म्हणून आपण परमुलखातील, परक्या माणसाची, वापरलेली होडी विकत घेऊ लागलो.

माझे सांगणे येथे सुरू होते. होडी चालविण्याची विद्या आपल्या रक्तात आहे, ती घडविण्याची विद्याही आपल्या वडिलांजवळ होती. परंतु होडी विकत घेण्याची विद्या ही तिसरीच विद्या आहे, आणि ती आपल्याजवळ नव्हती. गरजच पडली नव्हती, तर ती येणार कोठून?

२०१६ साल आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्या वर्षी एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा डब्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांवर आपल्या लोकांच्या होड्या उपड्या पडून उन्हात तडकत होत्या. मी त्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. पावसाळ्याच्या अखेरीस पाऊस आला, मांजरेला पाणी आले, आणि ज्याला त्याला एकदम होडी हवीशी झाली. माझा चुलत पुतण्या व त्याचे सोबती मिळून सहा जणांनी पैसे जमविले. काहींनी घरातल्या बायकांच्या बचत गटातून उचल घेतली. परजिल्ह्यातील एका व्यापाऱ्याकडे समुद्रकाठाहून आणलेली एक लाकडी होडी होती. किंमत ३५,००० रुपये. पोरे मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही चला. कागदपत्र तुम्हीच बघा." मी गेलो. सोबत माझे चुलते आले. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. वय ऐंशीच्या पुढे, अक्षरशत्रू, पण साऱ्या आयुष्यात पाण्याबाहेर कमी आणि पाण्यात जास्त राहिलेले.

होडी निळ्या रंगाने नुकतीच रंगविलेली होती. पाण्यावर अशी डौलात उभी होती, की पाहताच मन भरावे. तात्या म्हणाले, "ही बाहेर काढा. उपडी करा." व्यापारी म्हणाला, दुसरे गिऱ्हाईक दुपारी येणार आहे, घ्यायची तर आता घ्या. मी पावती पाहिली, मुद्रांक पाहिला, नावे वाचली. सारे नीट होते. तात्या हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "रंग काय बघायलास लेकरा? बूड बघ, बूड." मी उत्तर दिले, "तात्या, कागद पक्के आहेत." आणि सही केली. तात्या गप्प बसले. सभेत बसलेल्या माझ्या शिकलेल्या बांधवांना मला एवढेच सांगावयाचे आहे, की त्या दिवशी त्या घाटावर एकच अडाणी माणूस होता आणि तो तात्या नव्हेत.

तीन आठवडे होडी उत्तम चालली. चौथ्या आठवड्यात एका रविवारी पहाटे पुतण्या, त्याचा सोबती आणि पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा असे तिघे जाळी काढावयास गेले. त्या दिवशी मासळी भरपूर लागली. ओली जाळी, मासळी आणि तीन माणसे. होडी प्रथमच इतकी खोल बसली. मागच्या अंगाला, फळीच्या वरच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. डब्याने उपसावे तो होडी आणखी बसे, आणि ती बसली की सांधा आणखी पाण्याखाली जाई. काठ दूर होता. थोड्या वेळात ती एका अंगावर कलंडली. मोठी माणसे पोहत राहिली. मुलाच्या हाती जाळ्याला बांधलेला रिकामा प्लास्टिकचा डबा लागला. त्या डब्याला धरून तो शेजारच्या तराफ्यावरच्या माणसांनी ओढून घेईपर्यंत तरंगत राहिला. तो तात्यांचा पणतू होय. जाळी गेली, मासळी गेली, कर्ज राहिले. पण तिन्ही जीव वाचले.

दोन दिवसांनी होडी ओढून काठावर आणली. मला वाटले, तात्या आता चारचौघांत माझी हजेरी घेतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सही तुझी, पण गप तर मी बी बसलो की." मग त्यांनी होडी उपडी करविली, घरून पोती शिवायचे दाभण मागविले आणि मला म्हणाले, "बस इथं. आज तू शाळेत हायस." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या होडीचे अंग अन् अंग मला दाखविले. ते सारे मी एका वहीत लिहून ठेविले. तात्या आता नाहीत. पुढे मी कोकणातून येणाऱ्या कारागिरांना विचारून, फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांना विचारून त्या वहीत भर घातली. आज त्या वहीतलेच मी आपणापुढे मांडीत आहे.

तात्यांचे सूत्र असे होते: होडी तीनदा पाहावी. एकदा कोरडी पाहावी, एकदा ओली पाहावी, आणि एकदा भारलेली पाहावी. विकणारा यांपैकी एकच रूप दाखवितो, आणि जे दाखवीत नाही त्यातच दोष असतो. आमच्या व्यापाऱ्याने आम्हांला ओली दाखविली. कोरडी दाखविली नाही, आणि भार घालून पाहण्याचे तर आमच्या स्वप्नातही नव्हते.

आता कोरडी कशी पाहावी ते सांगतो. होडी पाण्याबाहेर काढून उपडी करावी. सकाळी किंवा सायंकाळी, ऊन तिरपे असताना पाहावी. तिरप्या उन्हात फुगवटा, खळगा आणि ठिगळ यांची सावली पडते, ती भर दुपारी दिसत नाही. एका टोकाशी उकिडवे बसून बुडावरून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकावी. मग बुडाच्या मध्यरेषेवर दोरी ताणून धरावी. होडीचा कणा वाकला असेल तर दोरी खोटे बोलत नाही. कणा वाकलेली होडी स्वस्तातही घेऊ नये, कारण फळी बदलता येते, कणा बदलणे म्हणजे नवी होडी करणे होय.

मग रंगाकडे पाहावे. नवा रंग हा गुन्हा नव्हे; आपणही होडी रंगवितो. पण सारी होडी जुनी आणि एकाच जागी रंग नवा असेल, तर तेथे ओल्या फडक्याने पुसून, नखाने खरवडून पाहावे. आमच्या होडीच्या बुडाला तात्यांनी दाभण लाविले, तर वरचा पापुद्रा निघून खालून रंगाऱ्यांची लांबी निघाली आणि लांबीखाली टाचणीच्या डोक्याएवढी भोके. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. तो बाहेरून एवढेसे भोक पाडून आत शिरतो आणि आत बोटाएवढी भुयारे करतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. आपल्या गोड्या पाण्यात हा जीव जगत नाही, त्यामुळे आपल्या वाडवडिलांना तो ठाऊक नव्हता. म्हणून समुद्रकाठाहून आलेली होडी घेणाऱ्याने बारीक भोकांचा शोध आवर्जून घ्यावा. तेथल्या होड्यांचे लोखंडी खिळेही खाऱ्या पाण्याने गंजतात. खिळ्याभोवती तांबूस डाग आणि काळे पडलेले लाकूड दिसले, की तो खिळा नावालाच उरला आहे असे समजावे.

दाभणाचा उपयोग आपल्या भगिनींना सांगावयास नकोच. चांगल्या लाकडात दाभण टोचले तर ते अडते, आणि उचकटले तर लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात शिरावे तसे शिरते, आणि तुकडा निघतो तो आखूड, भुसभुशीत. कोठे टोचावे? जेथे पावसाचे पाणी साचते तेथे. होडीच्या आत, पाय ठेवावयाच्या फळ्या उचलून त्यांखाली. दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत. आणि आडव्या फासळ्या जेथे बुडाच्या फळ्यांना टेकतात तेथे. लाकूड बाहेरच्या पाण्याने जितके कुजत नाही, तितके आत साचलेल्या पावसाच्या पाण्याने कुजते. तेथे नाक लावावे. कुबट वास आला तर दाभण टोचण्यापूर्वीच उत्तर मिळते. पाय ठेवावयाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकून पक्क्या केल्या असतील आणि विकणारा त्या उचलू देत नसेल, तर नमस्कार करून परत यावे.

आणखी एक युक्ती तात्यांची. उपड्या होडीखाली माणसाने शिरावे, कडेने घोंगड्या टाकून अंधार करावा आणि आतून वर पाहावे. ज्या ज्या जागी भोक वा फट असेल, तेथे चांदणी चमकावी तसा उजेड दिसतो. बाहेरच्या माणसाने खडूने त्या जागा नोंदवाव्यात.

येथे एक सावधगिरीची सूचना. बरेच दिवस कोरड्या पडलेल्या लाकडी होडीत सांध्यांतून उजेड दिसणारच, लाकूड आटते. तेवढ्यावरून होडी वाईट ठरवू नये. दोन फळ्यांच्या सांध्याशी सरळ, सारखी, दोऱ्याएवढी फट असेल तर ती पाण्यात लाकूड फुगल्यावर मिटते. पण फळीच्या अंगातूनच गेलेली चीर, किंवा खिळ्यांच्या ओळीने एकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली चीर मिटत नाही. ती भार पडताच वाढते. दुष्काळात काठावर पडलेल्या आपल्या होड्यांचे नेमके हेच झाले होते. काही पाण्यात सोडल्यावर पुन्हा सांधल्या, काही कायमच्या गेल्या.

म्हणून दुसरी परीक्षा, ओली. होडी रिकामी करून, फडक्याने आतून पुसून, पाण्यात बांधून ठेवावी आणि एक रात्र नव्हे, तीन रात्री ठेवावी. रोज सकाळी आतले पाणी काठीने मोजावे, लिहून ठेवावे आणि पुन्हा उपसून कोरडी करावी. पहिल्या दिवशी चार बोटे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी ओलसरपणा, असे असेल तर लाकूड फुगते आहे, होडी जिवंत आहे. तिन्ही दिवस तेवढेच पाणी, किंवा वाढते पाणी, असे असेल तर सौदा मोडावा. विकणारा तीन रात्री थांबावयास तयार नसेल, तर त्याला कसली घाई आहे याचा विचार आपणच करावा.

थोडे गणित सांगितल्यावाचून शिक्षकाला चैन पडत नाही. होडीचा तळ चार मीटर लांब व एक मीटर रुंद धरला, तर तळावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ४० लिटर, अर्थात् ४० किलो वजन. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे २०० किलो. न बोलावलेली चार माणसे होडीत येऊन बसली असे समजा. आणि ही माणसे स्वस्थ बसत नाहीत. होडी डावीकडे कलली की चौघेही डावीकडे धावतात. होडी कलंडते ती बहुधा या धावण्याने. दुसरे गणित असे. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर दोन सेंटिमीटर रुंदीचे गोल भोक असेल, तर त्यातून मिनिटाला सुमारे पंचवीस लिटर पाणी आत येते. म्हणजे दर मिनिटाला भरलेल्या दोन घागरी! एक माणूस उपसून किती वेळ टिकेल, याचा हिशोब आपणच करावा.

तिसरी परीक्षा, भारलेली. हिच्यातच आमचा घात झाला. रिकामी होडी वर तरंगते. तिच्या वरच्या फळ्या वर्षानुवर्षे उन्हात राहतात, त्यांचे सांधे आटलेले, भरण झडलेले असते. मासळी भरली, होडी बसली, की ते सांधे प्रथमच पाण्याखाली जातात. म्हणून आपण जितका भार नेणार, तितक्या वाळूच्या गोण्या होडीत भराव्यात, माणसे भरू नयेत. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, दोरी बांधून ती तासभर ठेवावी. मग गोण्या थोड्या एका अंगाला सरकवाव्यात, मग दुसऱ्या अंगाला, आणि प्रत्येक वेळी वरचे सांधे हाताने चाचपावेत. एवढे आम्ही केले असते, तर त्या रविवारची पहाट आली नसती.

आता लाकडी होड्या कमी होत चालल्या आहेत. फायबरच्या व पत्र्याच्या वाढल्या आहेत. त्यांचेही थोडक्यात सांगतो. फायबर कुजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. ते बरोबर नव्हे. फायबरची होडी दगडावर आपटली की वरच्या लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटतात. अशी चीर दिसली की आतून त्याच जागी पाहावे. आतही पांढुरका डाग असेल तर मार थरांपर्यंत गेला आहे. रुपयाच्या नाण्याने साऱ्या बुडावर हलके ठोकत जावे. धड जागी टणक आवाज येतो. जेथे थर सुटले, तेथे तो ठप्प, मेलेला येतो. बुडावर फोड असतील आणि ते फुटून आंबूस वासाचे पाणी आले, तर पाणी थरांत शिरले आहे. इंजिन ज्या मागच्या फळीला टांगतात, ती फळी आत लाकडाची असून वर फायबर चढविलेले असते. इंजिन धरून वर-खाली हलवावे, फळी लवली तर आतले लाकूड गेले. आणि होडी उचलून पाहावी. जी होडी चार माणसांनी उचलावी, ती सहांना उचलत नसेल, तर तिच्या पोकळ्यांत पाणी भरून राहिले आहे.

पत्र्याची होडी बाहेरून नव्हे, आतून गंजते. तीही जोडाच्या रेषेवर आणि जेथे पाणी साचते तेथे. रंगाला फुगे आले असतील तर ते फोडून पाहावेत. लहान हातोडीने ठोकावे. पातळ झालेला पत्रा दबतो. तळाला आतून सिमेंट थापले असेल तर विशेष सावध राहावे, कारण ते गळती झाकण्यासाठीही थापतात.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फटीचे मास्तरांनी केवढे स्तोम माजविले! मी त्यांना दोन जहाजांची गोष्ट सांगतो. १९१२ साली 'टायटॅनिक' नावाचे प्रचंड जहाज हिमनगाला घासून बुडाले. तिच्या कुशीला मोठे भगदाड पडले असावे असे लोक कित्येक वर्षे मानीत होते. १९९६ साली समुद्रतळाशी ध्वनिलहरींनी तपासणी झाली, तेव्हा आढळल्या त्या सहा अरुंद चिरा. साऱ्या मिळून सुमारे १२ चौरस फूट, म्हणजे आपल्या घराच्या एका दारापेक्षाही कमी. दुसरे जहाज 'ट्रिंकोमली'. ते १८१७ साली मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानाचे बांधले गेले, आणि आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. दोनशे वर्षांच्या वर झाली. तेव्हा जुनी म्हणून होडी वाईट नाही, आणि मोठी व नवी म्हणून चांगली नाही. देखभाल झाली की नाही, सांधा धड आहे की नाही, हा एकच प्रश्न आहे.

कागदांविषयी दोन शब्द. मी कागद पाहून फसलो, म्हणून कागद पाहूच नयेत असे नव्हे. इंजिनाची होडी असेल तर नोंदणीचा आणि तपासणीचा दाखला मागावा. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला आहे. होडीवर कोणाचे कर्ज वा तारण आहे काय, हे विचारावे. ती कोठे चालली, काय वाहत होती, शेवटची दुरुस्ती कोणी केली, आणि ती का विकता, हेही विचारावे. वाळू वाहिलेल्या होडीचे बूड घासलेले असते. उत्तर काय मिळते यापेक्षा ते कसे मिळते, याकडे कान द्यावा.

आणि होडीचे बूड कितीही पक्के असो, वाऱ्यापुढे ते पुरत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. म्हणून होडीच्या किमतीतच प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट धरावे. एका रिकाम्या डब्याने आमच्या घरचा दिवा राखला. पण दरवेळी डबा हाताशी येईल असे मानणे शहाणपणाचे नव्हे.

बंधुभगिनींनो, माझी आपणांस एवढीच विनंती आहे. आपल्या समाजाने प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे निवडावीत. एक होडीची जाणकार, वयाने वडील, आणि एक लिहिता-वाचता तरुण. कोणाही बांधवाने वापरलेली होडी घेण्यापूर्वी या दोघांना सोबत न्यावे. जाणकाराने बूड पाहावे, तरुणाने कागद पाहावा, आणि दोघांनी 'होय' म्हटल्यावाचून पैसे देऊ नयेत. जाणकाराने संकोचाने गप्प बसू नये आणि शिकलेल्याने कागदाच्या बळावर त्याला गप्प करू नये. आपल्या घरांत आज पदवीधर मुले-मुली आहेत, आणि त्याच घरांत हातावर जाळ्याचे घट्टे पडलेले आजोबाही आहेत. एकाचे ज्ञान दुसऱ्याला मिळाले नाही, तर दोन्ही वाया जातील. तात्यांसारखी माणसे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत फार उरलेली नाहीत. जी आहेत, त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. मला हे शिकावयास होडी बुडावी लागली. आपणांस तशी वेळ न येवो.

तो मुलगा आता वीस-एकवीस वर्षांचा झाला आहे. मागच्या वर्षी त्याने स्वतःसाठी जुनी होडी घेतली. जाताना तो माझ्याकडून वही घेऊन गेला, आणि आजीच्या डब्यातले दाभणही. तीन रात्री तो त्या होडीजवळ काठावर निजला. चौथ्या दिवशी त्याने मला सांगितले, "गुरुजी, पहिलीला नाही म्हणून सांगून आलो. दुसरी घेतली." मला वाटते, तात्यांना याहून अधिक काही नको होते.